अंगणातल्या कासवाची थंडीची सोय

साताऱ्यातला जानेवारी फसवा असतो. दुपारी दोनला अंगणात उभं राहिलं तर डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो, आणि त्याच अंगणात पहाटे पाचला नळाचं पाणी बोटांना झोंबतं. माणसाचं त्यात फार बिघडत नाही, कारण पहाटे पाचला आपण गोधडीत असतो. कासव अंगणात असतं. दुपारचं ऊन बघून आपण म्हणतो, 'छान आहे की हवा', आणि रात्रीचे बारा तास आपल्या हिशेबातच येत नाहीत.

आमचा दगडू सल्काटा जातीचा आहे, आज वजन नऊ किलो. माझ्या दिरांच्या ओळखीतलं पुण्याचं एक कुटुंब परदेशी गेलं, तेव्हा तो कागदपत्रांसकट आमच्याकडे आला. पहिल्या हिवाळ्यात मी त्याला लाकडी खोकं दिलं, आत भाताचा पेंढा घातला आणि रात्री खोक्यावर सासऱ्यांचं जुनं घोंगडं टाकायला लागले. गोठ्यातल्या वासराला आपण असंच करतो, म्हणून मला ते बरोबर वाटलं. डिसेंबर संपत आला तसं त्याचं खाणं तुटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, कासवं झोपतात थंडीत. नको उठवूस त्याला." मी ऐकलं. आठवड्याभरात त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. डॉक्टरांनी खोकं बघितलं आणि एवढंच विचारलं, "पांघरूण दिलंत, पण ऊब कुठे दिलीत?"

त्या प्रश्नातच सगळं आहे. घोंगडं ऊब तयार करत नाही, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. वासराचं अंग रात्रभर स्वतः तापत असतं, म्हणून घोंगड्याखाली ते गरम राहतं. कासवाचं अंग स्वतः तापत नाही. भोवतालची हवा जेवढी, तेवढंच हळूहळू त्याचं अंग. थंडगार दगडाला घोंगड्यात गुंडाळून ठेवलं तर सकाळी तो थंडच निघणार, आणि वर ऊन आलं तरी घोंगड्यामुळे तापायला उशीर लागणार. म्हणून कासवासाठी दोन गोष्टी लागतात: आत ऊब निर्माण करणारं काहीतरी, आणि ती राखणारी भिंत. आपल्याकडे बहुतेकजण दुसरीवरच थांबतात.

आधी कासव कोणतं ते बघा

हे थंडीच्या आधीचं काम आहे, पण टाळता येत नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्यांसारख्या रेघा असलेलं स्टार कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे. लक्ष्मी येते म्हणून कुणी कितीही प्रेमानं आणून दिलं तरी ते पाळायचं नाही. कृष्णेत, ओढ्यात, विहिरीत सापडणारं मऊ पाठीचं कासवही तसंच संरक्षित आहे. यातलं काही घरात असेल किंवा अंगणात आलं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परस्पर नदीत किंवा डोंगरावर सोडू नका. स्टार कासव मुळात आपल्या सह्याद्रीच्या भागातलं नाहीच, ते इथल्या जंगलात सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं.

सल्काटा परदेशी जात आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगल, माली, नायजर, चाड, सुदान असा जो कोरडा पट्टा आहे, तिथली. अशा परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. प्राणी दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली, मेला, हे सगळं तिथे कळवायचं असतं. तुमच्याकडे सल्काटा असेल आणि नोंद नसेल तर थंडीसाठी पेटी बांधायच्या आधी त्या कामाला लागा.

नवीन घेण्याचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. तळहाताएवढं विकत आणलेलं हे पिल्लू चाळीस-पन्नास किलोचं होऊ शकतं आणि आपल्यामागेही जगू शकतं. हा लेख ज्यांच्या घरी ते आधीच आलं आहे त्यांच्यासाठी आहे.

आता काकूंच्या बोलण्याबद्दल. त्या अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. भूमध्य समुद्राकाठची काही कासवं हिवाळाभर झोपतात. पण त्यांना चार-पाच अंशांची सलग थंडी लागते, आणि त्याआधी आठवडेच्या आठवडे पोट रिकामं करावं लागतं. सल्काटाच्या मुलुखात असा हिवाळाच नाही, त्यामुळे त्याच्या अंगाला ती झोप माहीत नाही. साताऱ्या-सांगलीच्या थंडीत तो झोपत नाही, गारठतो. दुपारी खाल्लेलं रात्री पचत नाही, पोटात तसंच राहून आंबतं, आणि रोगाशी लढायची ताकद कमी होते. निपचित पडलेलं कासव गाढ झोपलंय असं वाटतं. म्हणूनच ही चूक इतकी सहज होते.

थंडी मोजा, आणि जमिनीलगत मोजा

मोबाइलवर दिसणारं तापमान शहराचं असतं, तुमच्या अंगणाचं नाही. वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला आणि रात्रीचं कमीत कमी तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सर कासव जिथे झोपतं तिथे, जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. आठ दिवस रोज सकाळी आकडा वहीत लिहा. आमच्याकडे भिंतीवर खांद्याच्या उंचीला लावलेला थर्मामीटर १३ दाखवायचा, तेव्हा फरशीलगतचा ११ वर असायचा. गार हवा जड असते, ती खाली बसते. त्याच कारणानं नदीकाठचं, ओढ्याकाठचं किंवा खोलगट जागेतलं घर गावातल्या उंचावरच्या घरापेक्षा पहाटे जास्त गार पडतं. नदीकाठच्या माहुलीकडचे आमचे एक नातेवाईक आणि यवतेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याचे दुसरे, दोघांच्या अंगणातल्या पहाटेत फरक आहे. सांगली-मिरजेकडे उंची कमी, त्यामुळे थंडी जरा सौम्य. पण उसाच्या पट्ट्यात पाण्यावरच्या रानाशेजारी राहत असाल तर त्या सौम्यपणावर विसंबू नका.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात आली की आम्ही समजतो, पुढचे तीन-चार दिवस खाली साताऱ्यातही जपायचे.

वितीपेक्षा लहान पिल्लू असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. त्याला थंडीभर घरातच ठेवा. लहान अंग अर्ध्या तासात गार पडतं, बाहेरची कुठलीच पेटी त्याच्या भरवशाची नाही.

पेटी

दसऱ्याला कामाला सुरुवात करा, म्हणजे दिवाळीपर्यंत पेटी तयार होते. थंडी पडल्यावर सुताराकडे गेलात तर तो संक्रांतीची तारीख देईल.

आमच्या पेटीचं आतलं माप चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच आहे. नऊ किलोच्या कासवाला त्यात वळता येतं आणि आणखी तीन-चार वर्षं पुरेल. उंची तीन फूट का, ते बल्बच्या वेळी सांगते. भिंत तीन थरांची: बाहेरून पाण्याला टिकणारं १८ मिलिमीटरचं प्लाय, मध्ये दोन इंची थर्माकोल, आतून पुन्हा पातळ प्लाय. आतलं प्लाय काटकसर म्हणून गाळू नका. कासव उघडा थर्माकोल कुरतडून खातं आणि तो आतड्यात अडकतो. तळ आणि झाकणही असंच तीन थरांचं हवं. लोक भिंतींना थर्माकोल लावतात आणि झाकण एकेरी ठेवतात. गरम हवा वर चढते, म्हणजे सगळी ऊब तिथूनच निघून जाते.

पहिल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितल्यावर मी घाईनं नुसत्या प्लायच्या खोक्यात दोन बल्ब लावले होते. ते रात्रभर विझत नव्हते आणि तरीही आतला पारा पहाटे वीसच्या खाली जायचा. थर्माकोल घातल्यावर तेच दोन बल्ब रात्रीतला निम्मा वेळसुद्धा पेटत नाहीत.

पेटी फरशीवर किंवा कोब्यावर थेट टेकवू नका, खाली विटांचा एक थर द्या. वर पत्रा टाका, मागे उतार द्या आणि पुढे वीतभर पागोळी काढा. अवकाळी पाऊस आपल्याकडे जानेवारीतही येतो. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असलं की सकाळचं पहिलं ऊन दारात पडतं आणि उत्तरेचा वारा दारात शिरत नाही. दार कासवाच्या पाठीपेक्षा चार बोटं उंच आणि वीतभर रुंद जास्त, एवढंच. मोठं दार म्हणजे मोठी गळती. दाराला आतून कोल्ड स्टोरेजच्या दाराला असतात तसल्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या की दिवसा ते हवं तेव्हा आत-बाहेर करू शकतं. रात्री मात्र लाकडी दार आणि बाहेरून कडी. ही कडी थंडीपेक्षाही मुंगूस, घूस आणि भटक्या कुत्र्यांसाठी आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींना वरच्या बाजूला करंगळीएवढी दोन-दोन भोकं ठेवा आणि आतून बारीक जाळी मारा. हवा खेळायला तेवढी पुरे.

आत अंथरायला आम्ही वाळलेलं गवत घालतो, बल्बपासून लांबच्या अर्ध्या भागात. सुतारकामाचा भुसा घालू नका, तो डोळ्यांत आणि नाकात जातो. ऊसतोड सुरू झाली की पाचट फुकट मिळतं, आणि मलाही वाटलं होतं की यापेक्षा सोपं काय. पण पाचटाच्या कडा धारदार असतात, धूळ असते आणि ठिणगीला ते वाट बघत बसल्यासारखं पेटतं. आत अजिबात नको. पोत्यात घट्ट भरून पेटीच्या उत्तरेकडच्या भिंतीला बाहेरून लावलं तर चालतं, पण त्या बाजूनं एकही वायर जात नाही ना, ते बघून.

ऊब

इथे जरा थांबून वाचा, कारण कासव भाजण्याचे आणि पेटी पेटण्याचे प्रकार इथेच होतात.

आम्ही १०० वॅटचे दोन सिरॅमिक बल्ब वापरतो. यातून उजेड येत नाही, फक्त ऊब येते, त्यामुळे कासवाची रात्र रात्रच राहते. ऑनलाइन मिळतात. होल्डर मात्र चिनीमातीचाच हवा, नेहमीचा प्लास्टिकचा होल्डर या बल्बच्या उष्णतेनं मऊ पडतो. होल्डर झाकणाच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या पट्टीवर स्क्रूनं बसवा. वायरीवर लोंबता ठेवू नका. बल्बभोवती जाळीचा पिंजरा करा आणि पिंजऱ्यापासून प्लायपर्यंत चार इंच मोकळी जागा सोडा.

पाठीच्या सर्वांत उंच भागापासून बल्बपर्यंत दीड फूट अंतर राहिलंच पाहिजे. पेटीची उंची तीन फूट ठेवली ती यासाठी. मोठ्या कासवाची पाठ बल्बच्या जवळ येते, पोट आणि पाय लांब राहतात. पाठ भाजायला लागली तरी खालचं अंग गारच असतं, म्हणून ते बिचारं तिथून हलत नाही. याच कारणासाठी एका मोठ्या, कडक बल्बपेक्षा दोन लहान बल्ब दोन कोपऱ्यांत लावणं चांगलं.

कोंबडीच्या पिल्लांना लावतात तो २५० वॅटचा लाल बल्ब आपल्याकडे सहज मिळतो, आणि पोल्ट्रीवाले मित्र तोच सुचवतात. पोल्ट्रीत तो मोठ्या शेडमध्ये उंच टांगलेला असतो. चार फुटांच्या बंद पेटीत तो फार कडक पडतो, रात्रभर लाल उजेड देतो आणि पाण्याचा थेंब उडाला तर काच तडकते. कासव पंधरा-वीस किलोचं असेल आणि पेटी त्या मानानं मोठी असेल तर तेल भरलेला विजेचा ऑइल हीटर उत्तम. त्यासाठी पेटीत लाकडी पट्ट्यांचा कठडा घालून वेगळा कप्पा करा, म्हणजे कासव त्याला धडका मारणार नाही.

कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं, धुमी यातलं काही पेटीत ठेवू नका. पेटी गोठ्यासारखी हवेशीर नसते. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि सकाळी दार उघडेपर्यंत काही कळत नाही.

बल्बइतकाच महत्त्वाचा थर्मोस्टॅट. त्याच्याशिवाय बल्ब लावूच नका. अंडी उबवायच्या मशीनला जो डिजिटल कंट्रोलर असतो तोच इथे चालतो, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात तो मिळतो. २५ अंशांना चालू, २७ ला बंद, असं लावा. सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीला, बल्बपासून लांबच्या भिंतीवर, पाइपच्या तुकड्यात सुरक्षित बसवा. तो मोकळा राहिला तर कासव तो ओढून अंगाखाली घेतं, आणि मग सेन्सर कासवाचं तापमान मोजतो, पेटीचं नाही. थर्मोस्टॅटवर विश्वास ठेवूनही पहिला वायरीचा थर्मामीटर आत राहू द्या. दोघांच्या आकड्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की काहीतरी सरकलं आहे असं समजा.

वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या. बाहेरची वायर पाइपातून, जोड पाणी न शिरणाऱ्या डबीत, अर्थिंग नीट, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन आपोआप तोडणारा स्विच. दव पडतं तिथे वीज आणि प्राणी एकत्र ठेवतोय, यात हात आखडू नका.

बिलाचा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. दोन्ही बल्ब मिळून २०० वॅट. बारा तासांपैकी सहा तास पेटले असं धरलं तर रात्रीचं सव्वा युनिट, महिन्याचे छत्तीस-सदतीस. पेटी नीट बंद असेल तर त्याहून कमीच.

कासवाला आत सोडायच्या आधी पेटी तीन रात्री रिकामी चालवा. रोज सकाळी कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा बघा. आमची पहिल्या रात्री ३१ वर गेली होती, कारण सेन्सर दाराच्या गार फटीजवळ लागला होता.

लाइट गेली तर

दोन तास गेली तर घाबरू नका. दार न उघडता पेटी तेवढा वेळ ऊब धरते, आणि नऊ किलोचं कासव काही मिनिटांत गार पडत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाणी भरलेल्या स्टीलच्या बाटल्या किंवा रबरी पिशव्या गोणपाटात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवा, कासवाला टेकवून नाही. दर तीन तासांनी पाणी बदला. आता वरून घोंगडं टाकलंत तर त्याचा खरा उपयोग होतो. घरात मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर पेटीची लाइन त्याच्यावर घेता येते, कारण सरासरी भार शंभर वॅटच्या आतच राहतो.

रोजचा दिवस

सकाळी सातला घरातलं कुणीतरी उठतं आणि मायेनं दार उघडतं. नका उघडू. आतल्या २६ अंशांतून बाहेरच्या १२ मध्ये आणणं ही माया नव्हे. अंगणात सरळ ऊन पडलं आणि जमिनीलगतचा आकडा २० च्या वर गेला की उघडा. आमच्याकडे ते साडेनऊ-दहाला होतं, धुकं असेल त्या दिवशी अकरालाही. ढगाळ आणि वारा असलेल्या दिवशी दार दिवसभर बंद ठेवलं तरी काही बिघडत नाही, बल्ब चालू राहू द्या. संध्याकाळी पाचला आत घ्या. सूर्य सहानंतर मावळत असला तरी फरशी साडेपाचपासूनच गार व्हायला लागते.

पहिले आठ-दहा दिवस त्याला उचलून आत ठेवावं लागतं. मग ते स्वतः जायला शिकतं, पण रोज संध्याकाळी हात घालून बघायचं सोडू नका. सल्काटा बिळं खोदतो, तो त्याचा स्वभाव आहे. त्याच्या मुलुखातली जमीन कोरडी आणि खोल असते. आपल्या काळ्या मातीत खणलेलं बीळ ओलं राहतं आणि ढासळतं. सांगलीकडच्या काळ्या रानात हा धोका जास्त. आमच्याकडे मुरूम आहे, तरी दगडूनं पारिजातकाखाली केलेल्या खड्ड्याच्या तोंडावर मी संध्याकाळी घडीव दगड लावते. रात्र बिळात काढायला मिळाली की तो पेटी विसरतो.

खाणं सकाळी, ऊन अंगात भिनल्यावर. दुपारी तीननंतर काही घालू नका, पचायला ऊब लागते. मुख्य अन्न गवत: हरळी, मारवेल. जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. बांधावरचं गवत कापून आणत असाल तर तणनाशक मारलेलं नाही ना ते आधी विचारा. चपाती, भात, गूळ, खीर नाही. फळंही नाहीत. तासगावकडचे पाहुणे हिवाळ्याच्या शेवटी द्राक्षांची पेटी घेऊन येतात आणि दोन मणी कासवासमोर धरतात, त्यांना हात जोडून थांबवावं लागतं. गवत पचवणाऱ्या पोटाला एवढी साखर झेपत नाही. तसंच देवळात सभामंडपात कासव असतं म्हणून आमच्या दगडूला हळद-कुंकू वाहणारेही येतात. त्यांचा भाव मला कळतो, पण पाठीवर आणि डोळ्यांत कुंकू जाऊ देत नाही. नमस्कार लांबून करा म्हणते, आणि ऐकतात.

आठवड्यातून दोनदा, अकराच्या सुमाराला, घंगाळात कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा. पाणी कोपराला जेमतेम गरम लागावं, आणि पाठीचं कवच जिथे पोटाच्या कवचाला मिळतं तिथपर्यंतच, हनुवटी कायम वर. थंडीची हवा कोरडी असते, कासव पाणी कमी पितं. या अंघोळीत ते पितंही आणि पोटही साफ होतं. नंतर पुसून उन्हात सोडा. ओलं अंग घेऊन संध्याकाळी पेटीत जाता कामा नये.

बिघडलंय हे कसं ओळखायचं

दर रविवारी वजन करा आणि लिहा. महिनाभर वजन सारखं उतरत असेल तर खाताना दिसत असलं तरी काहीतरी चुकतंय. नाकातून पाणी किंवा बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून श्वास, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, चिकटलेले डोळे, ऊन येऊनही न हलणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत बाहेर सोडू नका, थर्मोस्टॅट २९-३० वर न्या आणि रात्रंदिवस तोच ठेवा. ऊब असली तरच औषध अंगी लागतं. माणसांच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका.

आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींचे असतात, त्यात त्यांचा दोष नाही. थंडीच्या आधीच फोन करून विचारून ठेवा की कासवं कोण बघतं. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्या डॉक्टरांना तिथे चौकशी करायला सांगा. आजारी कासव न्यायचं झालं तर थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटलीसह न्या, झाकणाला भोकं पाडून. दुचाकीवर उघड्या टोपलीत नको. दगडू बरा व्हायला सहा आठवडे लागले. पहिल्यांदा त्यानं जास्वंदीचं पान ओढलं त्या दिवशी मी अंगणात बसून रडले.

पेटी कधी बंद करायची

होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणतो, पण साताऱ्यात मार्चच्या पहाटा कासवाला अजून गारच असतात. थर्मोस्टॅट आहे, तर बंद करायची घाई कशाला? गरज नसेल तेव्हा तो बल्ब पेटवणारच नाही. आम्ही एप्रिलच्या मध्यावर, वहीतला पहाटेचा आकडा सलग आठ दिवस २० च्या वर राहिला की स्विच बंद करतो.

आणि जूनमध्ये पुन्हा चालू करतो. नव्यांना हे कुणी सांगत नाही. आपला पावसाळा कोरड्या मुलुखातल्या या प्राण्याला थंडीइतकाच कठीण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस ऊन नसतं, अंगण ओलं, हवा गार आणि दमट. आकडा १३ पर्यंत उतरत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो, आणि नाकाचे बुडबुडे तेव्हाही येतात. त्या दिवसांत पेटीतलं गवत दर दोन दिवसांनी बदला, दार पावसाच्या उलट्या बाजूला येईल असा पत्र्याचा आडोसा करा आणि थर्मोस्टॅट २५-२७ वरच राहू द्या.

पेटीची डागडुजी मेमध्ये. गवत सगळं काढून टाका, आतून पुसून दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. थर्माकोलच्या फटीत मुंग्यांनी घर केलंय का ते बघा, दाराच्या पट्ट्या कडक झाल्या असतील तर बदला, वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना हे वायरमनला दाखवा. बल्ब पेटत असले तरी एक जास्तीचा आणून कपाटात ठेवा. हे बल्ब जातात ते नेमके रात्री, दुकानं बंद झाल्यावर. पेटी उन्हात असते ते दोन दिवस दगडू रात्री आमच्या पडवीत कडी लावून असतो.